इंडोनेशियातले हिंदू: देवळं, पूजा आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त काही वर्षं बालीतल्या डेन्पसारला काढली. परत आल्यापासून बालीला निघालेला प्रत्येक ओळखीचा माणूस आधी हॉटेलचं विचारतो आणि मग आवाज थोडा खाली आणून, "तिकडे आपल्यासारखेच हिंदू ना?" असं विचारतो. फोनवर ते समजावणं कठीण जातं, म्हणून हे लिहून ठेवलं. प्रश्न लोकांचे आहेत. उत्तरांत माझी मतंही मिसळली आहेत.

इंडोनेशियात हिंदू किती आणि कुठे?

२०१० च्या जनगणनेत सुमारे ४० लाख लोकांनी आपला धर्म हिंदू लिहिला. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेर. त्यातले बहुतेक बालीत, आणि बालीत दर दहा माणसांमागे आठाहून अधिक हिंदू. उरलेले पूर्व जावा, लोंबोक, सुमात्रातला लांपुंग, सुलावेसी आणि कालिमांतान असे पसरलेले. लांपुंग आणि सुलावेसीतली बाली गावं सरकारच्या स्थलांतर योजनेतून वसली. दाट लोकवस्तीच्या बेटांवरची कुटुंबं मोकळ्या जमिनीवर नेली गेली. जंगल तोडून शेत केलं की त्यांचं पुढचं काम देऊळ उभारणं हेच असायचं.

मुस्लिमबहुल देशात हिंदू धर्माला सरकारी मान्यता आहे?

आहे. पण ती आयती मिळालेली नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुरस गोष्ट हीच आहे.

इंडोनेशिया इस्लामी राष्ट्र नाही आणि आपल्या अर्थानं धर्मनिरपेक्षही नाही. राज्याचा पाया 'पंचशील', त्यांच्या उच्चारात 'पांचासीला'. त्यातलं पहिलं तत्त्व एका परमेश्वरावरची श्रद्धा. स्वातंत्र्यानंतर धर्म मंत्रालयानं 'धर्म' कशाला म्हणायचं याची मोजपट्टी बनवली: एक देव, एक ग्रंथ, एक प्रेषित. बालीच्या लोकांकडे डोंगराचे, तळ्याचे, पूर्वजांचे, भाताचे असे असंख्य देव. ग्रंथ म्हणजे ताडपत्रांवरच्या पोथ्या, त्याही ज्या त्या घराण्याच्या. प्रेषित तर कोणीच नाही. म्हणजे कागदावर बाली माणूस 'अद्याप धर्म नसलेला' ठरत होता, आणि असा माणूस धर्मप्रचारकांना मोकळं रान.

मग बालीतल्या शिकलेल्या मंडळींनी कंबर कसली. १९५० च्या दशकात काही तरुण भारतात शिकायला आले. शांतिनिकेतनला शिकलेले इदा बागुस मंत्रा पुढे बालीचे राज्यपाल झाले. भारतातून बालीत स्थायिक झालेले नरेंद्र देव पंडित शास्त्री यांनी बाली धर्माची ओळख करून देणारी छोटी पुस्तकं लिहिली, आणि त्रिसंध्येची (दिवसातून तीनदा म्हणायच्या प्रार्थनेची) मांडणी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्याकडे अर्ज-विनंत्या गेल्या. त्यांची आई इदा आयू न्योमान राय मूळची बालीची, हेही इथे लक्षात ठेवावं. १९५८ साली मंत्रालयात हिंदू बालीसाठी विभाग झाला. १९५९ साली 'पारिसादा' ही धर्मसंस्था स्थापन झाली. १९६४ मध्ये तिच्या नावातून 'बाली' गळलं, कारण तोवर बाकीच्या बेटांवरचे लोकही तिच्याकडे यायला लागले होते. १९६५ च्या अध्यक्षीय आदेशात सहा धर्मांची नावं आली: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियन.

आपल्याकडे हिंदू असणं म्हणजे जन्मानं आपोआप ठरणारी गोष्ट. त्यांना मात्र आपण हिंदू आहोत हे फायलीत सिद्ध करावं लागलं. त्यांच्या धर्मातल्या कित्येक गोष्टी या फायलीमुळे आजच्या रूपात आल्या.

म्हणजे ते एकच देव मानतात?

त्याचं नाव सांग ह्यांग विधी वासा. शाळेतल्या धर्माच्या पुस्तकात पहिला धडा त्याचाच. ब्रह्मा, विष्णू आणि शिव (त्यांच्याकडे ब्रह्मा, विस्नू, सिवा) ही त्याचीच रूपं, असं मूल पहिलीपासून शिकतं. शाळेत प्रत्येक मुलाला आपापल्या धर्माचा तास असतो आणि त्याचे गुण प्रगतिपुस्तकात येतात.

पण शेजारच्या इबू (बाईंना आदरानं असंच म्हणायचं) चुलीपाशी घास ठेवायच्या तो ब्रह्मासाठी, भाताच्या कणग्यापाशी हात जोडायच्या ते देवी श्रीसाठी. अडचण आली की त्या आधी आठवायच्या त्या वाडवडिलांना. पुस्तकातला एक देव आणि अंगणातले अनेक देव एकमेकांच्या आड येत नाहीत. आपल्याकडे एकादशीला विठ्ठल, रविवारी खंडोबा आणि नवरात्रात कुलस्वामिनी करणाऱ्या घराला हे वेगळं समजवायला नको.

देवळात मूर्तीच नाही म्हणे. मग दर्शन कसलं घ्यायचं?

पहिल्यांदा गेलेला मराठी माणूस इथेच गोंधळतो. देऊळ म्हणजे 'पुरा'. त्याला आपल्यासारखा अंधारा गाभारा नाही, घंटा नाही, प्रदक्षिणेची वाट नाही. भिंतींनी घेरलेली एकामागून एक अशी तीन अंगणं आणि वर आभाळ. पहिल्या अंगणात शिरताना दुभंगलेल्या शिखरासारखं दार लागतं, जणू करवतीनं मधोमध कापून दोन भाग बाजूला सरकवले आहेत. आतल्या अंगणाचं दार वेगळं, त्याला माथा असतो. सगळ्यात आत छोटी छोटी देवघरं आणि ताडजातीच्या झाडाच्या काळ्या धाग्यांनी शाकारलेले उंच 'मेरू'. मेरूच्या छपरांची संख्या नेहमी विषम, जास्तीत जास्त अकरा. आतलं अंगण डोंगराच्या बाजूला. बालीत दिशा डोंगराकडे आणि समुद्राकडे अशा मोजतात. उत्तर-दक्षिण त्यांच्या तोंडी क्वचितच येतं.

कोपऱ्यात दगडाचं उंच आसन दिसेल, पद्मासन. खाली कासव आणि नाग, वर पाठ असलेली खुर्ची, आणि खुर्ची रिकामी. ती रिकामीच असायची असते. सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या निरार्थ या पुरोहितानं पद्मासनाची प्रथा बालीत रुजवली असं मानतात. तिकडे देव देवळात राहत नाही, सणाला येतो आणि परत जातो. तो आला की त्याला बसायला जागा हवी, म्हणून आसन.

प्रतिमा अगदीच नाहीत असंही नाही. चंदनाच्या किंवा धातूच्या लहान 'प्रातिमा' कुलूपबंद असतात, उत्सवात बाहेर काढून समुद्रावर किंवा झऱ्यावर स्नानाला नेतात. त्यांच्या चोऱ्या होतात, त्यामुळे गावकरी त्यांच्याबद्दल अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. खोदून विचारू नये.

प्रार्थना म्हणजे मांडी घालून किंवा वज्रासनात बसायचं आणि पाच वेळा जोडलेले हात कपाळाच्या वर न्यायचे. पहिल्यांदा हात रिकामे. दुसऱ्यांदा बोटांच्या टोकात फूल, सूर्याला साक्षी ठेवून. मग फुलाच्या आणि पानाच्या बारीक द्रोणासह. शेवटी पुन्हा रिकामे. प्रत्येक वेळचं फूल नंतर केसांत किंवा कानामागे खोचतात. मग पमांग्कू म्हणजे देवळाचा पुजारी तीर्थ घेऊन रांगेतून फिरतो. तीनदा डोक्यावर शिंपडतो, तीनदा ओंजळीतून प्यायचं, तीनदा तोंडावरून हात फिरवायचा. मग ओले तांदूळ कपाळाला, गळ्याला लावायचे आणि दोन-चार दाणे गिळायचे. त्या तांदळांना 'बीजा' म्हणतात. घामानं ओलं झालेलं कपाळ असलं तरी ते दाणे घट्ट चिकटून राहतात, हे मी स्वतःच्या कपाळावर तपासलंय. त्यांच्या धर्माचं एक जुनं नावच 'आगामा तीर्ता' आहे, तीर्थाचा धर्म.

एका गावात इतकी देवळं कशासाठी?

कारण कामं वेगवेगळी. प्रत्येक गावाला तीन देवळं हवीतच: गाव वसवणाऱ्यांचं, गावाच्या सभेचं आणि स्मशानाजवळचं. या तिघांची घडी अकराव्या शतकातल्या म्पू कुतुरान यांनी घालून दिली असं सांगतात. त्याखेरीज प्रत्येक घराच्या आवारात कुळाचं छोटं देवस्थान, घराण्याच्या मूळ पुरुषाचं 'कावितान' (हे आपल्या कुलदैवताच्या जवळ जाणारं), शेताच्या पाण्याचं देऊळ आणि बाजाराचं देऊळ.

पाण्याच्या देवळाकडे खास लक्ष द्यावं. भातशेतीच्या पाटांची वाटणी 'सुबाक' नावाची शेतकऱ्यांची संघटना करते, आणि कधी कुणी पाणी सोडायचं हे तळ्याकाठच्या आणि बांधावरच्या देवळांतल्या विधींशी बांधलेलं असतं. सगळ्यांनी एकाच वेळी रान कोरडं ठेवलं की किडीला खायला उरत नाही, हा त्यातला शहाणपणा. २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबाकच्या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

सगळ्यांच्या वर बसाकीहचं देऊळ. हे आगुंग ज्वालामुखीच्या उतारावर आहे. १९६३ साली तिथे शंभर वर्षांतून एकदा व्हायचा 'एका दासा रुद्र' हा महायज्ञ चालू असताना ज्वालामुखी फुटला. हजारावर माणसं गेली, गावं गाडली गेली, आणि लाव्हा मुख्य देवळाला वळसा घालून गेला. यज्ञाची वेळच चुकली होती असं कित्येकांनी तेव्हा मानलं. १९७९ मध्ये, त्यांच्या शक १९०० चा अखेरचा काळ पाहून, तो पुन्हा केला गेला.

फुटपाथवर, दुकानाच्या दारात, स्कूटरवर पानांचे छोटे खोके ठेवलेले असतात. ते काय?

ते चानांग सारी, रोजचा नैवेद्य. नारळाच्या कोवळ्या पातीची तळहाताएवढी चौकोनी परडी. तळाशी विड्याचं पान, सुपारी आणि चुना यांची चिमुकली गुंडाळी, ती नसेल तर नैवेद्य अपुरा. वर फुलं दिशेप्रमाणे: पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. माथ्यावर पैशाचं नाणं, बिस्किट, गोळी, कधी सिगारेटही. पूर्वजांना जे आवडायचं ते. उदबत्ती लावायची, तीर्थ शिंपडायचं आणि बोटांत फूल धरून धूर हलकेच देवाकडे वारायचा. धूर संपला की त्यातलं सत्त्व देवानं घेतलं. मग परडीवर कुत्रा आला, कोंबडी आली तरी कुणी हाकलत नाही. चुकून पाय लागला तर घाबरू नका. उदबत्ती जळत असताना मात्र ओलांडू नका.

भात शिजला की कुणी जेवायच्या आधी केळीच्या पानाच्या चौकोनांवर चिमूट चिमूट भात चुलीपाशी, पाण्याच्या हांड्यापाशी, उंबऱ्यापाशी ठेवतात. ताटाभोवती चित्राहुती घालणारे आजोबा ज्यांनी पाहिलेत त्यांना हे परकं वाटणार नाही. जमिनीवर ठेवलेला नैवेद्य मात्र देवासाठी नसून भूतगणांसाठी असतो. त्यांचंही पोट भरलं की ते त्रास देत नाहीत, हा हिशेब मला फार पटतो.

नोकरी करणाऱ्या बायका हे रोज कसं सांभाळतात?

ओढाताण करून. आमच्या गल्लीतल्या इबू एका हॉटेलात हिशेबाचं काम करायच्या. संध्याकाळी ओट्यावर बसून टीव्हीकडे एक डोळा ठेवून पाती कापायच्या. पूर्वी पाती टोचायला बांबूच्या बारीक काड्या वापरत. इबूंच्या हातात स्टेपलर. त्यांच्या सासूबाईंना ते अजिबात मान्य नव्हतं: "देवाच्या ताटात लोखंड?" इबू हसून म्हणायच्या, देवाला माहीत आहे मला सकाळी सातला हजेरी लावायची असते.

आता कित्येक घरं तयार चानांग बाजारातून आणतात. पहाटेच्या बाजारात ते पिशव्यांतून विकायला बसलेल्या बायका दिसतात. यातली बरीचशी नारळाची पाती बालीतली नसतेच, ती सामुद्रधुनीपलीकडे जावातून ट्रकमधून येते. सण जवळ आला की पातीचा, केळ्यांचा, कोंबडीचा भाव चढतो, आणि दर सणाला त्यावरून तक्रारही होते. गणपतीच्या आठवड्यात दादरच्या फुलबाजारात जे ऐकू येतं तेच.

या सगळ्याचा खर्च आणि वेळ यांवर बाली घरांत खरंच वाद होतात. मोठा नैवेद्य, मधला नैवेद्य, साधा नैवेद्य अशा पायऱ्या शास्त्रातच आहेत, ऋण काढून सण करू नका असं धर्मसंस्थाही सांगते. पण चारचौघांत साधा नैवेद्य मांडायचं धाडस सगळ्यांना होत नाही.

पुजारी कोण? तिथे जातिभेद आहे का?

देवळाची रोजची व्यवस्था पाहणारा पमांग्कू बहुधा गावातलाच सामान्य घरातला असतो. मोठ्या विधींसाठी आणि तीर्थ सिद्ध करण्यासाठी 'पदंडा' लागतो. तो ब्राह्मण कुळातला, गुरूकडून दीक्षा घेऊन 'द्विज' झालेला. पदंडा शैव आणि बौद्ध असे दोन प्रकारचे असतात आणि मोठ्या यज्ञात शेजारी शेजारी बसतात. इतर कुळांतही दीक्षित पुरोहित असतात आणि त्यांचा दर्जा पदंडाच्या बरोबरीचा, ही मागणी गेली कित्येक दशकं धर्मसंस्थेत भांडणं लावत आली आहे.

जाती आहेत: ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, आणि बाकीचे सगळे 'जाबा' म्हणजे बाहेरचे. बहुसंख्य या शेवटच्या गटात. नावावरून कळतं. इदा बागुस म्हटलं की ब्राह्मण. वायान, मादे, न्योमान, केतुत ही नावं जन्माच्या क्रमानं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मुलाची. पाचव्याला पुन्हा वायान. अस्पृश्यता आपल्यासारखी नाही. पण वरच्या कुळातल्या मुलीनं खालच्या कुळात लग्न केलं तर माहेरच्या देवघरात तिचं स्थान बदलतं, आणि बोलताना समोरच्याच्या कुळाप्रमाणे भाषेची पातळी बदलावी लागते. "बालीत जात नाही" असं कुणी ठोकून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्यांचा पाडवा वेगळा असतो का?

या प्रश्नावर मी खुलतो. बालीत चालणाऱ्या दोन पंचांगांपैकी एक शक संवत. तोच शक, तोच आकडा. आपल्याकडे शके १९४८ लागलं तेव्हा त्यांच्याकडेही १९४८. त्यांचा नववर्षदिन 'न्येपी', अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. २०२३ साली २२ मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी. दरवर्षी जुळेलच असं नाही, कारण अधिक महिना धरायची रीत वेगळी. २०२४ मध्ये त्यांचा न्येपी ११ मार्चला झाला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. आणखी एक गंमत म्हणजे न्येपीला वर्षाचा आकडा बदलतो, पण लागतो तो त्यांचा दहावा महिना. असं का, हे मी जितक्यांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली.

दिवस एक असला तरी साजरा करायची तऱ्हा अगदी उलटी. आपण गुढी उभारतो, शोभायात्रा काढतो. ते गप्प बसतात. न्येपीला चार गोष्टी वर्ज्य: अग्नी, काम, प्रवास आणि करमणूक. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. विमानतळ बंद, बंदरं बंद. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद असतं. हिंदू असो वा नसो, पर्यटक असो वा राजदूत, हॉटेलच्या आवाराबाहेर पाय टाकायचा नाही. फिरतात फक्त 'पचालांग', चौकटीच्या कापडाचं लुंगीवजा वस्त्र नेसलेले गावचे रक्षक. दवाखान्याची निकड असेल तर तेच नेतात.

माझ्या पहिल्या न्येपीला खिडकीला काळा कागद लावला होता, तरी फ्रिज उघडला की आतला दिवा बाहेर दिसत होता. अंधारात फाटकाशी कुणीतरी हलकेच टकटक केलं. बाहेर एक पचालांग, हातात खाली झुकवलेली बॅटरी. त्यानं ओरडा केला नाही, नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. मग मी फ्रिजचा दिवाच काढून ठेवला. नंतर अंगणात येऊन वर पाहिलं तर डेन्पसारसारख्या शहरावर आकाशगंगा दिसत होती.

आदल्या संध्याकाळी मात्र नुसता गोंगाट. बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ 'ओगोह-ओगोह' राक्षस खांद्यावरून नाचवतात आणि बहुतेक ठिकाणी शेवटी जाळतात. ही प्रथा फार जुनी वाटते, पण तिचा जोर १९८० च्या दशकापासूनचा. न्येपीला देशभर सुट्टीही १९८३ पासूनची.

बाकीचे सण कोणते?

त्यांचं दुसरं पंचांग २१० दिवसांचं, सात दिवसांचे तीस आठवडे. देवळाचा वर्धापनदिन 'ओदालान' बहुधा याच्यावर चालतो. म्हणून बालीत कधीही गेलात तरी कुठल्या ना कुठल्या गावी उत्सव असतोच. पूर्वज घरी येतात तो 'गालुंगान' आणि दहा दिवसांनी त्यांना निरोप देण्याचा 'कुनिंगान' हेही २१० दिवसांनी येतात, त्यामुळे २०२५ मध्ये गालुंगान दोनदा झाला: २३ एप्रिल आणि १९ नोव्हेंबर. घरापुढे उंच बांबू कमानीसारखा वाकवून पात्यांनी, भाताच्या लोंब्यांनी सजवतात, तो 'पेंजोर'. पहिल्यांदा पाहिला तेव्हा गुढीच आठवली, पण संबंध जोडायच्या फंदात पडू नये.

सरस्वतीच्या दिवशी पुस्तकं मांडून पूजा करतात आणि त्या दिवशी वाचायचं नाही. 'तुंपेक लांदेप'ला धातूच्या वस्तूंची पूजा: पूर्वी कट्यारी, आता मोटारसायकली, गाड्या. खंडेनवमीला रिक्षांना हार घालणाऱ्या आपल्याला यात नवल नाही. शिवरात्रीला ते जागतात आणि झाडावर बसून रात्रभर पानं टाकणाऱ्या शिकाऱ्याची तीच गोष्ट सांगतात. त्या शिकाऱ्याचं त्यांच्याकडचं नाव लुब्धक.

इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे, हे खरं?

होता. १९९८ च्या मालिकेतल्या २०,००० रुपयाच्या (रुपिया) नोटेवर शिक्षणकार्यासाठी ओळखले जाणारे की हाजार देवांतारा यांच्या चित्राशेजारी गणपती होता. ती नोट चलनातून जाऊन बरीच वर्षं झाली. दर गणेशोत्सवात फिरणाऱ्या त्या मेसेजमध्ये "गणपती आल्यापासून त्यांची अर्थव्यवस्था सावरली" हे जे जोडलेलं असतं ते मनाचं आहे. गणपती तिकडे विद्येचं चिन्ह म्हणून परिचित, बांदुंगच्या तंत्रविद्यापीठाच्या बोधचिन्हातही तोच. पण बाली घरात गणेशचतुर्थी नाही, मोदक नाहीत.

मांसाहार चालतो?

चालतो, नैवेद्यातही. डुक्कर आणि कोंबडी हे सणाचं जेवण, विधीला बळीही देतात. गोमांस पदंडा आणि बरेच जण टाळतात. नैवेद्य दाखवून खाली उतरवलेलं अन्न घरचेच खातात.

अंत्यविधी?

दहन, 'न्गाबेन'. पण त्याला खर्च फार, म्हणून पुष्कळदा मृताला आधी पुरतात आणि काही वर्षांनी गावातल्या अनेकांचं मिळून सामूहिक न्गाबेन करतात. वर्गणी वाटून घेतली जाते. बैलाच्या आकाराच्या पेटीत अवशेष, बांबूचा उंच मनोरा, तो वाटेत चौकाचौकात गोल फिरवतात म्हणजे आत्म्याला घरची वाट सापडू नये. रडारड शक्यतो करत नाहीत. राख समुद्रात. त्यानंतरही विधी आहेत, शेवटी तो पूर्वज घरच्या देवघरात येऊन बसतो.

बालीबाहेर कोण कोण हिंदू आहेत?

पूर्व जावात ब्रोमो ज्वालामुखीभोवती राहणारे तेंगेर. कासादा महिन्याच्या पौर्णिमेला ते रात्रीच डोंगर चढून भाजीपाला, कोंबड्या, शेळ्या ज्वालामुखीच्या मुखात टाकतात. खाली उतारावर जाळी धरून उभे असलेले लोक त्यातलं बरंचसं झेलतात. देवाला दिलं, माणसाला मिळालं, कुणाची हरकत नाही.

मध्य कालिमांतानमधल्या दयाक लोकांचा जुना धर्म काहारिंगान. १९८० पासून सरकारदरबारी तो हिंदू धर्माखाली येतो. सुलावेसीतल्या तोराजांचा पूर्वजधर्म १९६९ पासून तसाच. या लोकांना संस्कृत मंत्र माहीत नव्हते, पण ओळखपत्रावर मान्य धर्मांपैकी एक नाव हवं होतं. २०१७ मध्ये घटना न्यायालयानं पारंपरिक श्रद्धांनाही ओळखपत्रावर जागा द्यायला सांगितलं, तेव्हापासून यातल्या काहींना वेगळा पर्याय आहे. १९६५ च्या साम्यवाद्यांविरुद्धच्या रक्तपातानंतर धर्म न लिहिणारा माणूस साम्यवादी ठरण्याची भीती होती, आणि त्या काळात जावातल्या काही गावांनी हिंदू धर्म लिहिला.

मेदानमध्ये तमिळ लोकांचं १८८४ मधलं श्री मरियम्मन देऊळ आहे, रंगीत गोपुर, गाभाऱ्यात मूर्ती, सगळं तमिळ पद्धतीचं. तंबाखूच्या मळ्यांवर कामाला आणलेल्या मजुरांचे ते वंशज. जकार्तात सिंधी व्यापाऱ्यांची मंदिरं आहेत. इंडोनेशियात 'आपल्यासारखी' आरती ऐकायची असेल तर ती बालीच्या पुरात मिळणार नाही, इथे मिळेल.

प्रंबानानमध्ये पूजा होते का?

मध्य जावात योग्याकार्ताजवळचं, नवव्या शतकातलं हे शिवालय, मधलं शिखर ४७ मीटर. शतकानुशतकं पडझडीत होतं, मग डच काळापासून डागडुजी, १९९१ मध्ये जागतिक वारसा, २००६ च्या भूकंपात पुन्हा तडे. न्येपीच्या आदल्या दिवशीचा मोठा विधी तिथे बऱ्याच वर्षांपासून होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारी पातळीवर करार झाला आणि प्रंबानान हिंदूंसाठी व बोरोबुदूर बौद्धांसाठी उपासनास्थळ म्हणून अधिकृतपणे वापरायला मोकळं झालं. तिकीट काढून आलेल्या शाळेच्या सहली आणि पूजेला बसलेली माणसं एकाच आवारात दिसतात.

नवं देऊळ बांधता येतं?

बालीत प्रश्न नाही. बाहेर, २००६ च्या दोन मंत्रालयांच्या संयुक्त नियमाप्रमाणे कुठल्याही धर्माचं प्रार्थनास्थळ बांधायला वापरणाऱ्या ९० जणांची नावं आणि आसपासच्या ६० जणांची संमती लागते. अल्पसंख्य असलेल्या ठिकाणी ही साठ नावं मिळवणं हीच खरी परीक्षा. बालीत हा नियम मुसलमान-ख्रिस्ती यांच्या वाट्याला येतो, हेही सांगायला हवं.

भारतातले संप्रदाय तिथे आहेत का?

आहेत, आणि त्यावरून अलीकडे बरंच तापलं. सत्य साईबाबांचे आणि कृष्णभक्तीचे गट बालीत अनेक दशकं आहेत. २०२० च्या अखेरीस बालीतल्या धर्मसंस्थेनं आणि पारंपरिक गावांच्या मंडळानं मिळून बाहेरून आलेल्या पंथांवर बंधनं घातली. कारण: हे लोक आमच्या देवळांत येऊन आमची रीत चुकीची ठरवतात, बळी नको म्हणतात, पूर्वजांचे विधी सोडायला सांगतात. भारतातून जाणाऱ्यानं यातून एवढं ध्यानात घ्यावं की "खरं शास्त्र आमच्याकडे" हा सूर तिथे फार टोचतो. त्यांच्या दृष्टीनं 'द्रेस्ता', म्हणजे गावची चालत आलेली रीत, हेच शास्त्र.

कुणाला हिंदू होता येतं?

हो, 'सुधी वादानी' नावाचा विधी आहे आणि त्याचा दाखलाही मिळतो. बहुधा लग्नासाठी करतात, कारण कायद्यानं लग्न कुठल्यातरी धर्माच्या रीतीनं व्हावं लागतं. सुकार्नो यांची मुलगी सुक्मावती हिनं २०२१ मध्ये बालीत हा विधी केला तेव्हा आपल्याकडेही बातमी झाली होती.

आम्ही बालीला गेलो तर देवळात जाऊ शकतो?

जाऊ शकता. कमरेला कापड आणि त्यावर पट्टा बांधावाच लागतो, तो दारातच मिळतो. सर्वांत आतलं अंगण पुष्कळ ठिकाणी फक्त प्रार्थनेला आलेल्यांसाठी असतं. "आम्हीही हिंदू, प्रार्थना करायचीय" असं शांतपणे सांगितलं तर बहुतेक पमांग्कू आनंदानं बसवून घेतात, मात्र मग खरंच बसा, उभ्यानं फोटो काढू नका. पाळी चालू असलेल्या बाईनं आणि घरात सुतक असलेल्यानं येऊ नये असे फलक असतात. आपल्याला पटो न पटो, फलक त्यांच्या दारावर आहे. पुजाऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच जागी उभं राहू नये. चप्पल आवारात चालते, बसताना काढून बाजूला ठेवतात. जोडे बाहेर ठेवून अनवाणी चालणारे आम्ही त्यांना जरा विचित्रच वाटायचो.

भेटल्यावर "ओम स्वस्त्यस्तु" म्हणा. दुकानदार असो वा पदंडा, हात जोडून तेच परत म्हणेल. मग बहुधा विचारेल, "फ्रॉम इंडिया?" आणि लगेच शाहरुख खानचं नाव घेईल.